नवसाचे केस

माझ्या बायकोला माझ्याबद्दल जवळजवळ सगळं माहीत आहे. माझं घोरणं, माझा रक्तदाब, कॉलेजात मला कोणती मुलगी आवडायची तिचं नाव — सगळं. हे नाही. सलीमलाही माहीत नाही, आणि सलीमपासून मी आयुष्यात दुसरं काहीच लपवलेलं नाही. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. आणि माझ्या अक्काला तर मुळीच ओळखत नाही. ओळखत असता, तर माझं तोंड उघडलं नसतं.

पण थांबा, एकदम नको. आधी मला त्या गाण्यांबद्दल बोलू द्या. मी टाळतोय हे मलाही कळतंय. पण गाण्यांशिवाय पुढचं समजणार नाही, आणि खरं सांगायचं तर त्यांच्याबद्दल बोलायला मला आजही आवडतं.

हार्ड रॉक. आणि त्यातल्या त्यात ग्लॅम मेटल म्हणतात ते. बँडची नावं मी घेत नाही. नाव घेतलं की कोणीतरी लगेच म्हणतो, छे, त्यांच्यापेक्षा ते दुसरे भारी, आणि मूळ बोलणं बाजूलाच राहतं. मी स्वतः याच जातीचा आहे, ड्रमरवरून दोन-दोन तास भांडलेलो आहे. तर नावं राहू द्या. नुसते डोळ्यांसमोर आणा — चांगले धट्टेकट्टे पुरुष, केस खांद्याच्या खाली, वर फवारे मारून फुगवलेले. डोळ्यांत काजळ. ओठांना लाली. अंगाला चिकटलेल्या चमकत्या विजारी आणि कमरेला रंगीत ओढण्या बांधलेल्या. हे असे नटून येणार, आणि आवाज मात्र असा लावणार की भिंतीवरचं कॅलेंडर हलावं! त्यात तो गिटारवाला. गाणं मध्येच थांबवून एकटाच सुटायचा, दोन मिनिटं, तीन मिनिटं, डोळे मिटून. त्या दोन मिनिटांसाठी मी कॅसेट इतक्यांदा मागे फिरवली आहे की फीत त्या जागी पातळ झाली होती.

आणि प्रत्येक कॅसेटवर एक संथ गाणं असायचंच. नऊ गाणी आरडाओरडा, दहावं संथ. इतका वेळ टेबलावर नाचत असलेला माणूस एकाएकी खाली बसून हळू आवाजात सांगायला लागायचा की आता घर मोठं वाटतंय, झोप लागत नाही. इंग्रजी मला निम्मंअर्धं कळायचं. तरी त्या गाण्याला मी दिवा मालवून बसायचो.

मला ते का आवडायचे? पुष्कळ वर्षांनी उत्तर सापडलं. आमच्या घरात पुरुषानं कसं असायचं हे ठरलेलं होतं. अप्पांसारखं. बोलायचं कमी, रडायचं नाही, आरशात बघायचं ते दाढीपुरतं. आणि हे लोक बघा — नटत होते, रडत होते, कंबर हलवत होते, आणि तरीही हजारो माणसं त्यांच्यासमोर हात वर करून उभी होती. असंही पुरुष होता येतं? हुलसूरच्या पोराला हे कोण सांगणार होतं?

मी हुलसूरचा, बिदर जिल्ह्यातल्या. आजोबांपर्यंत आमच्याकडं मेंढरंच होती. अप्पांनी कळप विकून शेती धरली, तरी दहा-बारा मेंढरं गोठ्यात ठेवली होती. ती नसली की त्यांना करमत नसे. डिप्लोमाला नंबर लागला म्हणून मी बिदरला आलो आणि तिथंच नौबादला अक्काच्या घरी राहिलो. अक्का म्हणजे माझी सख्खी मोठी बहीण, माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. माय शेतात जायची तेव्हा मी हिच्याच कडेवर असायचो. तिची कंबर तेव्हा ती काय असेल! दाजींचं नौबादला मोटारी भरायचं दुकान होतं — विहिरीवरच्या जळलेल्या मोटारीत नवी तांब्याची तार भरून द्यायचे. शांत माणूस. मला कधी पाहुणा वाटू दिलं नाही.

कॅसेटी सलीमच्या. तो बिदरमधल्याच मैलूर भागातला, माझ्याच वर्गातला. त्याचे मामू आखातात होते, ते सुट्टीवर आले की बॅगेत साबणाच्या वड्यांबरोबर कॅसेटीही यायच्या. त्या कॅसेटींना साबणाचा वास असायचा. आम्ही सलीमच्या माडीवर दार लावून ऐकायचो आणि हवेतच गिटार वाजवायचो. पुढं कळलं की आमच्याकडं या कॅसेटी पोचल्या तोवर तिकडं या सगळ्या मंडळींचा बाजार उठला होता. तिकडच्या पोरांना आता मळके चौकड्यांचे शर्ट घालून, खाली बघून गाणारे लोक आवडायला लागले होते. बिदरपर्यंत ही बातमी यायला फार वेळ लागला. आम्ही मैलूरच्या माडीवर अजून जोशात होतो.

तर मी केस वाढवले. तुम्ही ओळखलंच असेल.

माझे केस चांगले होते. आता डोक्यावर काही उरलेलं नाही म्हणून सांगतो असं नका समजू, खरंच चांगले होते. सरळ, काळे, दाट. मानेवर आले तेव्हा वर्गात हसले, सलीम मात्र म्हणाला, ‘‘मियाँ, बालां नक्को कटा. तू तो असली दिख रा.’’ असली! त्या एका शब्दावर मी महिनाभर हवेत होतो.

आणि मग दिवाळीला मी गावी गेलो. अक्का आणि दाजीही आले होते. सकाळी अंगणात अप्पांनी मला मागून पुढून पाहिलं, गोठ्यात गेले, आणि मेंढरांची लोकर कातरायची कातर घेऊन बाहेर आले. तुम्ही ती कातर पाहिली आहे का? हातभर लांब असते, दोन सुऱ्या जोडल्यासारखी.

‘‘बस हितं,’’ अप्पा म्हणाले. ‘‘मेंढरावाणी वाढवलेत. कामून ठिवायलास रे हे? बाई हायस व्हय?’’

मी अप्पांना कधी उलट बोललो नव्हतो. पळून जावं तर कुठं? कॉलेजची फॅशन म्हणालो असतो तर पुढच्या मिनिटाला केस मातीत पडले असते. एकच गोष्ट होती जिच्यापुढं आमच्या घरात कुणाचं काही चालत नाही. ती मला ऐनवेळी आठवली. आठवली म्हणतो, खरं तर सुचली; तेव्हा मला स्वतःचं कौतुकही वाटलं होतं.

‘‘अप्पा, नवसाचे हायत.’’

‘‘कुणाच्या नवसाचे?’’

आणि मी म्हणालो, ‘‘अक्काच्या. मैलारच्या मल्लण्णाला बोललोय. अक्काला लेकरू झाल्याबिगर डोईला कातर लावू देनार न्हाई.’’

मैलारचा मल्लण्णा आमचा कुळदेव. तुम्ही खंडोबा म्हणता तोच. त्याला बोललेल्या केसांना कुणी हात लावत नाही, आणि केस राखणाऱ्याला कुणी हसतही नाही. अप्पांनी कातर खाली ठेवली. माझ्या डोक्याला हात लावून तो आपल्या कपाळाला लावला. माझ्या बापानं! माझ्या पाया पडल्यासारखंच की ते. आणि मी मान वर केली तर दारात अक्का उभी होती. हातात सूप होतं. तिनं सगळं ऐकलं होतं.

लग्नाला सहा वर्षं झाली होती तिच्या. मूल नव्हतं. हे मला शेजाऱ्यापाजाऱ्यांसारखं लांबून माहीत होतं असं नाही, मी त्याच घरात राहत होतो. बारशाला गेली की तिला पाळण्यापाशी कुणी बोलवत नसे, पुऱ्या तळायला बोलवत. ती तळायची. घरी आल्यावर डोकं दुखतंय म्हणून पडून राहायची. मला हे माहीत होतं. म्हणूनच तर तो नवस इतका खरा वाटला सगळ्यांना.

ती सूप घेऊन आत गेली. बिदरच्या एस.टी.त बसल्यावर, दाजी पुढच्या सीटवर होते, तिनं माझा हात हातात घेतला आणि म्हणाली, ‘‘इत्तका मोठा कवा झालास रे तू?’’ मी खिडकीबाहेर बघत राहिलो. तिथंच सांगता आलं असतं, नाही का? अक्का, केस वाचवायला बोललो गं. तिनं एक धपाटा घातला असता, कदाचित हसलीही असती. एवढ्यावर सगळं मिटलं असतं.

नाही सांगितलं.

त्यानंतर माझे केस वाढले ते अक्काच्या हातानं. दर रविवारी ती मला पाटावर बसवायची, तेल लावायची, मोकळे सोडायची, आणि वर भंडारा टाकायची — देवाची हळद. सलीम म्हणायचा, जगातल्या कुठल्याच रॉकस्टारची अशी सरबराई होत नसेल. खरंच होतं. मी केसांना हात लावला तरी ती रागवायची. शेजारच्या बायका मला ‘देवाचा’ म्हणायला लागल्या. आणि मी — मी आरशासमोर मान झटकून ते तोंडावर कसे पाडायचे याचा सराव करत होतो. दोन्ही एकाच केसांत चाललं होतं. तिचं आणि माझं.

आता येतं ते. इथवर नुसतं खोटं बोलणं होतं. एवढंच असतं तर मी हे सांगायला बसलो नसतो.

बिदरच्या डॉक्टरीणबाईंनी अक्काला हैद्राबादला एका मोठ्या डॉक्टरांकडं पाठवलं होतं. दिवाळीच्या आधी ती आणि दाजी तिथं तीनदा जाऊन आले होते. तपासण्या झाल्या होत्या. दोष आहे, पण दुरुस्त होण्यासारखा आहे, गोळ्या घ्या, नंतर एक लहान ऑपरेशन करू, मात्र मध्ये सोडू नका आणि उशीर करू नका — असं हैद्राबादच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. हे सगळं मला नंतर कळलं. अशा गोष्टी धाकट्या भावाला कोण सांगतं?

मला सांगितलं दाजींनी. पुढची दिवाळीही होऊन गेल्यावर, जानेवारीत. त्यांचं दुकान होतं नौबादच्या रस्त्याला. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये मी आणि सलीम एक गाणं करणार होतो — म्हणजे कॅसेट लावून ओठ हलवायचे, पण थाट सगळा खराखुरा. गिटार कुठून आणणार? तर दाजींनी प्लायवूड कापून दिलं होतं, त्याला लाल रंग दिला होता, आणि त्या संध्याकाळी ते मोटारीतली तांब्याची तार घेऊन एकेक तार ताणून बसवत होते. सहा तारा. मीच सांगितलं होतं, सहाच पाहिजेत. खाली बघूनच ते म्हणाले,

‘‘तुझी अक्का हैद्राबादला न्हाईच म्हणायलीय. वरीस झालं. गोळ्याबी बंद केल्यात. डागदरनी बाई म्हनली हुती मधी सोडू नका म्हनून. तू सांग की तिला. तुझं ऐकती ती.’’

मी विचारलं, कामून सोडल्या? मला उत्तर ठाऊक होतं. 

दाजी म्हणाले, नवस हाय म्हणायलीय.

मला घरी जाऊन सांगायचं होतं. रस्ताभर मी वाक्य जुळवत गेलो. रविवार होता, अक्का तेलाची वाटी घेऊन वाटच बघत होती. पाटावर बसलो. तिनं केस सोडले. मी म्हणालो, अक्का, दाजी म्हणत होते — आणि ती म्हणाली, ‘‘कळलं मला काय म्हनले आसतील ते. तूच सांग, तू देवाला केस बोललास. आता मी डागदरच्या गोळ्या खाल्ल्या तर तुझा शब्द खोटा पडंल न्हवं?’’

तुझा शब्द खोटा पडेल. माझ्या डोक्यावर तिचे दोन्ही हात होते आणि ती हे म्हणत होती.

आता मला तुम्हाला जे सांगायचं आहे ते हे. मी तेव्हा गप्प बसलो. का बसलो? ती दुखावेल म्हणून? अप्पा मारतील म्हणून? देवाच्या नावानं खोटं बोललो याची भीती? ही सगळी कारणं मी पुढं स्वतःला कितीतरी वेळा दिली, प्रत्येक वेळी नव्यानं सजवून. पण त्या पाटावर माझ्या डोक्यात यातलं काहीसुद्धा नव्हतं. माझ्या डोक्यात होतं की गॅदरिंग तीन आठवड्यांवर आहे. नवस खोटा म्हटलं की केस जाणार. केस गेले की गाणं गेलं. गॅदरिंग होऊ दे, मग सांगू — एवढाच माझा हिशेब होता. एका बाजूला माझ्या बहिणीचं मूल होतं आणि दुसऱ्या बाजूला प्लायवूडची गिटार होती, आणि मी गिटार घेतली.

गॅदरिंग जोरात झालं. तेही सांगतो, लपवून काय करू? सलीम ड्रमवर — म्हणजे पत्र्याच्या दोन डब्यांवर — आणि मी पुढं. डोळ्यांत अक्काचं काजळ घातलं होतं, तिनंच घालून दिलं. कमरेला तिची ओढणी. गाणं सुरू झालं, गिटारचा तो भाग आला, मी मान खाली घालून केस जोरात पुढं फेकले — आणि केसांतून पिवळ्या धुराचे लोटच्या लोट उठले. भंडारा! वर्षभराचा भंडारा, केसांच्या मुळाशी साठलेला. दिव्याच्या झोतात सगळं पिवळं झालं. पोरांना वाटलं, आम्ही मुद्दाम केलंय. मागच्या बाकांवरून कुणीतरी ओरडलं, ‘‘येळकोट येळकोट!’’ आणि सगळा हॉल ‘‘जय मल्हार’’ म्हणून घुमला. कॅसेटवरचा तो बिचारा गोरा गायक कुणाला ऐकूच गेला नाही. मी आयुष्यात इतका सुखी कधी नव्हतो. बायकांच्या रांगेत अक्का होती. तिनं हात जोडले होते. तिच्या शेजारणीला ती काहीतरी सांगत होती, बोट माझ्याकडं होतं. काय सांगत असेल ते मला इथून, इतक्या वर्षांनीही, ऐकू येतं.

गॅदरिंग झालं. मग सांगितलं का? नाही. मग परीक्षा होती. मग सलीमनं म्हटलं, पुढच्या वर्षी दोन गाणी करू. एकदा गप्प बसलं की दुसऱ्यांदा बसणं सोपं जातं, आणि तिसऱ्यांदा आपण गप्प आहोत हेही लक्षात राहत नाही. दाजींनी पुन्हा विचारलं नाही. मी सांगून पाहिलं असेल आणि तिनं ऐकलं नसेल, असं त्यांनी धरलं. मी तसंच धरू दिलं.

मला पुण्याच्या एका कारखान्याचं पत्र आलं तेव्हा डिप्लोमा संपला होता. पत्रात खाली लिहिलं होतं, मशीनजवळ काम असल्यानं केस आखूड हवेत. मी अक्काला ते वाचून दाखवलं. ती म्हणाली, माझ्यापायी तुझी नोकरी अडायला नको, आपण देवाला सांगून सोडवून घेऊ. आम्ही सगळे मैलारला गेलो. अप्पा, दाजी, अक्का. न्हाव्यानं वस्तरा लावला. माझे केस पडायला लागले तसे अक्कानं पदर पसरला आणि ते पदरात झेलले, एकही खाली पडू दिला नाही. ती रडत होती. मी रडत नव्हतो. मी पुण्याचा विचार करत होतो.

बघा ना, ज्या केसांसाठी मी तिला दोन वर्षं देवाच्या दारात बसवून ठेवलं, ते केस मी एका पत्रासाठी दहा मिनिटांत दिले. जरासुद्धा जड गेलं नाही.

त्याच महिन्यात दाजी तिला पुन्हा हैद्राबादला घेऊन गेले. मी पुण्यात एस.टी.डी. बूथवरून फोन केला तेव्हा ते इतकंच म्हणाले, ‘‘बाई म्हनली, लई येळ केलात. आता न्हाई हुनार.’’ मागं ट्रकचा आवाज होता. मी म्हणालो, बरं. बरं म्हणालो मी.

तेव्हाच गेली असती तरी कदाचित काही झालं नसतं. हे वाक्य माझं पाठ आहे. पण कदाचित झालंही असतं. ते ‘कदाचित’ माझं नव्हतं, तिचं होतं. मी ते घेऊन टाकलं आणि तिला कळूही दिलं नाही.

गाणी नासली का मग माझ्यासाठी? तुम्हाला वाटेल, नासली असतील. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. पण नाही नासली. गाडीत आजही तीच लागतात. दोन-एक वर्षांपूर्वी त्यांतलाच एक बँड बेंगळूरला आला, सगळे साठीला टेकलेले. सलीम हैद्राबादहून आला, मी पुण्याहून गेलो. गायकाचे केस खोटे होते, लांबूनसुद्धा कळत होतं, आणि वरच्या पट्टीला आवाज जात नव्हता, तिथं तो माईक लोकांकडं करत होता. आम्हीच गात होतो, सगळे चाळिशीतले, पोट सुटलेले. मला त्या म्हाताऱ्याची चीड आली नाही, माया वाटली. संथ गाणं लागलं तेव्हा सलीम रडला आणि माझ्या टकलावरून हात फिरवून म्हणाला, ‘‘तेरे बालां याद आ रे मियाँ.’’ मी हसलो. त्याला सांगावं असं त्या क्षणी फार वाटलं. आवाज फार होता, असं मी मनाला सांगितलं.

अक्काचं काय? अक्का नौबादलाच आहे. दाजींनी दुसरं लग्न केलं नाही, त्यांच्या आईनं मागं लागून लागून शेवटी नाद सोडला. आता दोघंच असतात. अंगणात शेवग्याचं झाड आहे, दुकान आता एका कामगाराच्या हाती दिलंय. मला दोन मुलं आहेत. त्यांच्या दोघांच्या बारशाला पाळण्यात घालायला मी अक्कालाच बोलावलं. तो चांगुलपणा होता का? मला नाही वाटत. तिनं माझ्या पोराला उचललं तेव्हा मी दुसऱ्या खोलीत गेलो होतो.

गेल्या उन्हाळ्यात मी एकटाच तिच्याकडं गेलो होतो. दाजी बाहेर गेले होते. दुपारचं जेवत होतो, ती समोर बसून वाढत होती. शेवग्याच्या शेंगांची आमटी आणि भाकरी. बोलता बोलता ती थांबली आणि म्हणाली,

‘‘एक बोलायचं हुतं तुला. लई वर्सं मनात हाय. तू माझ्यासाठी केस राखलास, लोकं हासले तरी राखलास. मी तुझा नवस पुरा हू दिला न्हाई रे. माझ्यातच खोट हुती. देवापुढं तुला खाली बघायला लावलं मी. मला माफ कर.’’

इतकी वर्षं ती हे घेऊन जगत होती. मी माझं घेऊन आणि ती हे. तिच्या मनात कधी आलंसुद्धा नाही की — असो.

तोंडातला घास तसाच होता. घरात कुणी नव्हतं. वेळ होता, शांतता होती, ती माझ्याकडं बघत होती. यापेक्षा चांगली संधी कुणाला मिळत नाही. आणि मी काय म्हणालो, सांगू?

मी म्हणालो, ‘‘जाऊ दे अक्का. झालं ते झालं. माझ्या मनात काय न्हाई.’’

मी तिला माफ केलं.

तिनं पदरानं डोळे पुसले. बरं वाटलं तिला, चेहऱ्यावर दिसत होतं. तिनं टोपल्यातली आणखी एक भाकरी माझ्या ताटात टाकली, आणि मी ती खाल्ली.